फरारी शिपाई आणि आमचे नाना

फोन आला तेव्हा मी ड्राइव्हवेत उभी राहून गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होते. साताऱ्याहून शिंदेकाकू बोलत होत्या, माझ्या सासऱ्यांच्या शेजारीणबाई. "सुनीता, नाना गेले गं..." एवढंच म्हणाल्या. मी "बरं काकू" म्हणाले. आज सहा आठवड्यांनंतरही ते "बरं" मला टोचतं, पण त्या वेळी तोंडातून तेवढंच निघालं. मग मी उरलेली काच अगदी कोपऱ्यांसकट साफ केली आणि आत जाऊन नवऱ्याला, मिलिंदला, उठवलं. तो मिळेल त्या विमानाने निघाला, पण वॉशिंग्टनजवळच्या अ‍ॅशबर्नहून साताऱ्याला पोचायचं म्हणजे दीड दिवस जातोच. तो दारात उतरला तेव्हा सगळं आटोपलं होतं. अग्नी चुलतभावाने दिला होता.

नानांवर चार ओळी लिहायच्या तर सुरुवात माझ्या तक्रारींपासून करावी लागेल, कारण आमची ओळख तिथूनच झाली. ते पहिल्यांदा आमच्याकडे आले ते न्यूयॉर्कचे टॉवर्स पडले त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात. सासूबाई जाऊन वर्ष झालं होतं. माझ्या कंपनीने आमचा अख्खा टेस्टिंग ग्रुप घरी पाठवला होता आणि मी रोज सकाळी कपडे बदलून, केस विंचरून, कुठेही न जाता स्वयंपाकघरात बसत होते. अशा वेळी सासरे सहा महिने राहायला येणार म्हटल्यावर मी कॅलेंडरवर महिने मोजू लागले. नाना एका पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते. जवान भरती झाल्यापासून मरेपर्यंतचे त्याचे सगळे कागद जिथे राहतात, ते हे ऑफिस. छत्तीस वर्षं तिथे काढल्यावर माणूस घरातही तसाच वागतो. दुधाच्या कॅनवर उघडल्याची तारीख लिहायची, पत्रं आकारानुसार लावायची, मिलिंद ऑफिसला गेला की वेळ टिपायची. आणि मला रोज विचारायचं, "आज काय विशेष?" नोकरी गेलेल्या बाईला हा प्रश्न विचारू नये, हे कुठल्या नियमावलीत लिहिलेलं नसावं.

म्हणून ते सकाळी फिरायला बाहेर पडले की मला हायसं वाटायचं. एका सकाळी मात्र दारात पोलिसाची गाडी थांबली. आमच्या टाउनहाउसेसच्या मागे, दोन रांगांच्या मधोमध, लोखंडी कुंपण घातलेली एक छोटीशी दफनभूमी आहे. बिल्डरने सगळं शेत घेतलं, पण तेवढा तुकडा त्याला सोडावा लागला होता. तिथे वही-पेन घेऊन फिरणारा, सावळा, पांढऱ्या मिशांचा अनोळखी माणूस पाहून कोणीतरी फोन केला होता. दिवसच तसे होते. पोलीस सभ्य होता. त्याने विचारलं की तुम्ही इथे काय करताय, तर नाना ताठ उभे राहून म्हणाले, "आय अ‍ॅम इन्स्पेक्टिंग, सर." मी धावत पोचले तेव्हा हे उत्तर देऊन झालं होतं आणि पोलीस त्यावर विचार करत होता. तेवढ्यात पलीकडच्या जुन्या घरातून गवती हॅट घातलेली एक ऐंशीच्या घरातली बाई काठी टेकत आली आणि म्हणाली, "तो माझ्याबरोबर आहे." तिने नानांना त्याआधी जन्मात पाहिलं नव्हतं. ही बेट्टी. ते शेत तिच्या घराण्याचं होतं. आमचं स्वयंपाकघर जिथे आहे तिथे त्यांचा मका असायचा, हे तिने मला नंतर कितीदा तरी सांगितलं, आणि दर वेळी जरा रागानेच.

पोलीस गेल्यावर नानांनी बेट्टीचे आभार मानले आणि लगेच मुद्द्यावर आले. दोन भावांचे दगड शेजारी शेजारी होते. थोरल्या थॉमसच्या दगडावर पलटण, कंपनी, सगळं कोरलेलं. धाकट्या एझ्राच्या दगडावर नुसतं नाव आणि जन्माचं साल. मृत्यूचं सालच नाही. "कागद अपुरा आहे," नाना मला मराठीत म्हणाले. बेट्टीने काठीने एझ्राच्या दगडावरचं पान उडवलं. तिचं बोलणं मी मराठीतच लिहिते. "हा इथे नाहीच. नुसता दगड आहे. तो यादवी युद्धात दक्षिणेच्या फौजेतून पळाला. माझ्या आजीचा धाकटा काका. घरात त्याचं नाव काढत नसत." नानांनी वही मिटली. त्या दिवशी ते नीट जेवले नाहीत.

त्यानंतर रोज सकाळी ते बेट्टीच्या व्हरांड्यात जाऊन बसू लागले. तिला कोणी ऐकायला हवं होतं आणि त्यांना कोणाचं तरी रेकॉर्ड. नाना तिला बेट्टीबाई म्हणत आणि तिला ते आवडे. एझ्राबद्दल ती वेगळंच बोलायची. आई, आजी लाजायच्या, पण तिचा मात्र तो लहानपणापासूनचा लाडका होता. "आमच्या घरात अक्कल असलेला एकच निघाला. उठला आणि निघून गेला. कॅलिफोर्नियात गेला असेल. लग्न केलं असेल. त्याची नातवंडं कुठेतरी संत्र्यांच्या बागेत बसून माझ्यासारखीच म्हातारी झाली असतील." हे सांगताना ती हसायची. तिला मूलबाळ नव्हतं. तिच्या मागे त्या घराण्याचं कोणी नव्हतं, पण संत्र्यांच्या बागेत होतं.

नाना हे ऐकून घरी येत आणि येरझाऱ्या घालत. चौथ्या दिवशी म्हणाले, "सुनीता, पळालेला माणूस तीन ठिकाणी सापडतो. घरी, तुरुंगात किंवा दवाखान्यात. घरी आला नाही. बाकीच्या दोन ठिकाणी कोणी बघितलं का?" मी म्हटलं, "नाना, एकशे चाळीस वर्षं झाली." "कागदाला काय त्याचं?" म्हणाले. वॉशिंग्टनला जुनी सरकारी कागदपत्रं कोणालाही बघायला मिळतात, हे त्यांना बेट्टीकडून कळलं होतं. मला न्यायला वेळ आहे का, असं त्यांनी विचारलं. वेळाशिवाय माझ्याकडे काय होतं?

म्हणून आम्ही जाऊ लागलो. जवळच्या व्हिएन्ना स्टेशनवर गाडी ठेवायची आणि मेट्रोने पुढे. डब्यात पोळीभाजीच्या गुंडाळ्या. वाचनकक्षाच्या दारात पेन काढून घेतात आणि पेन्सिल देतात. मला वाटलं नाना चिडतील, पण त्यांचा चेहरा उजळला. "शिस्त आहे," म्हणाले. तिथल्या अंधाऱ्या खोलीत मशिनवर फिल्म फिरवत त्यांनी एझ्राचे कागद काढले तेव्हा मी शेजारी होते. वय एकोणीस. उंची, केसांचा रंग, डोळ्यांचा रंग. धंदा, गाडीची चाकं बनवणारा सुतार. भावाबरोबर एकाच दिवशी भरती. मग दर दोन महिन्यांची हजेरी. हजर. हजर. एक जोडी बूट दिले. हजर. आजारी, कंपनीतच. हजर. नाना एकेक ओळ पुटपुटत होते आणि मला हसू येत होतं, कारण ते त्या मेलेल्या कारकुनाला शाबासकी देत होते. "अक्षर चांगलं आहे. वेळेवर भरलंय. हा माणूस कामाचा होता." आणि मग शेवटची दोन कार्डं. एका कूचनंतर 'परवानगीशिवाय गैरहजर'. पुढच्यावर एकच शब्द, 'फरारी'. नाना शाबासकी द्यायचे थांबले.

त्या रविवारी जेवताना त्यांनी हे आमच्या ईशाला सांगितलं. ती तेव्हा तेरा वर्षांची होती आणि नुकताच शाळेत तो धडा झाला होता. तिने घास खाली ठेवला. "आजोबा, ही वॉज ऑन द राँग साइड. दे फॉट टु कीप स्लेव्ज. पळाला तर, गुड फॉर हिम!" मिलिंद तिला गप्प करायला लागला, पण नानांनी हात वर केला. मग म्हणाले, "बाजू चुकीची होती, तुझं खरं आहे. पळाला असेल तर मी तुला टाळी देईन. पण नसेल पळाला तर नोंद चुकीची आहे. एका चुकीत दुसरी चूक वळती करता येत नाही, बाळा." ईशाला ते किती कळलं कोण जाणे. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी बेट्टीला सरळ विचारलं, तुमच्या शेतावर गुलाम होते का. बेट्टीने मान खाली घातली आणि कुंपणाबाहेरची एक जागा दाखवली. तिथे निळ्या फुलांचा वेल पसरला होता आणि त्याखाली बिननावाचे खडक होते, सात की आठ. "माझ्या आजोबांनाही नावं माहीत नव्हती," ती म्हणाली. नाना तिथे हात मागे बांधून उभे राहिले. घरी येऊन वहीत एका वेगळ्या पानावर त्यांनी लिहिलं, 'नावं नाहीत', आणि खाली रेघ मारली. ते पान पुढे कधी भरलं गेलं नाही.

तुरुंगाच्या याद्यांत एझ्रा नव्हता. उरले दवाखाने. त्यांची रजिस्टरं जाडजूड, आणि नानांनी ठरवलं की पलटणीचा आकडा बघायचाच नाही, प्रत्येक नाव वाचायचं. "आकडा लिहिणारा चुकतो," म्हणाले, "माणसाचं वय आणि गाव सहसा चुकत नाही, कारण ते तो स्वतः सांगतो." किती दिवस गेले असतील... मी नोकऱ्यांचे अर्ज तिथेच बसून पेन्सिलीने लिहायला लागले होते. एका दुपारी त्यांनी माझ्या बाहीला हात लावला. बोट एका ओळीवर ठेवलं. एझ्रा, तेच आडनाव, वय वीस, तोच तालुका, चाकं बनवणारा सुतार. पलटण दुसरीच. रस्त्याच्या कडेला पडलेला सापडला, दुसऱ्या पलटणीच्या आजाऱ्यांच्या गाडीत घालून आणला, आणि दवाखान्यातल्या कारकुनाने त्या गाडीची पलटण त्याच्या नावापुढे लिहून टाकली. रोग, रक्ती हगवण. तीन आठवड्यांनी मृत्यू. नानांनी त्या दुसऱ्या पलटणीची सगळी हजेरीही तपासली. असा कोणी माणूस त्यात कधी नव्हताच. एका रजिस्टरात फरारी आणि दुसऱ्या रजिस्टरात मृत. ही दोन रजिस्टरं समोरासमोर कोणी ठेवलीच नव्हती.

मी त्यांना टाळी द्यायला हात पुढे केला. त्यांचे डोळे भरले होते. मला वाटलं आनंदाने. बाहेर दगडी पायऱ्यांवर आम्ही डबा उघडला, पण त्यांनी गुंडाळी नुसती हातात धरली. "आता अर्ज कोणाला करायचा?" मी गमतीने विचारलं. "तोच घोळ आहे," म्हणाले. "ज्या सरकारची पलटण, ते सरकारच उरलं नाही. दुरुस्तीचा शिक्का मारणारं जगात कोणी नाही. फक्त बेट्टीबाई आहेत." आणि मग, माझ्याकडे न बघता, त्यांनी मला ती गोष्ट सांगितली जी मिलिंदलाही माहीत नव्हती.

एकाहत्तरच्या लढाईत त्यांच्या पलटणीचा एक शिपाई हजेरीला सापडला नाही. तसा कागद आला, नियमाप्रमाणे फरारी म्हणून गावच्या पोलीस पाटलाकडे पत्र गेलं. थोड्या दिवसांनी एका लष्करी दवाखान्यातून मृत्यूचा कागद आला, पण त्यावर जवानाचा नंबर जुळत नव्हता. नानांनी 'आपला नाही' म्हणून तो परतीच्या ट्रेमध्ये टाकला. चार महिने तो कागद ऑफिसाऑफिसांतून फिरून पुन्हा त्यांच्याच टेबलावर आला, आणि तेव्हा त्यांनी नाव वाचलं. सुधारित पत्र घेऊन ते स्वतः गावी गेले. शिपायाचा बाप जुना हवालदार होता. त्याने मुलाचा फोटो भिंतीवरून उतरवला होता आणि चावडीवर सांगितलं होतं की मला मुलगा नाही. त्याने पत्र दोनदा वाचलं आणि घडी घातली. "म्हणाला, क्लार्कसाहेब, फरारी होता तोवर मी त्याला रोज शिव्या घालत होतो. पण रोज जेवायला बसलो की दाराकडे बघत पण होतो. आता मी कुठं बघू?"

मेट्रोकडे जाणारी माणसं आमच्या बाजूने वर-खाली करत होती. मी विचारलं, "मग तुम्ही काय म्हणालात?" "काही नाही. पोच म्हणून सही घेतली आणि एस. टी. पकडली." गुंडाळी त्यांनी पुन्हा फॉइलमध्ये ठेवली. त्या सहा महिन्यांत पहिल्यांदा मला त्यांच्याबद्दल माया वाटली, आणि त्याच वेळी पुढचं सगळं लख्ख दिसलं. बेट्टीला हा कागद दाखवायचा म्हणजे तिचा एझ्रा मारायचा. संत्र्यांची बाग, नातवंडं, सगळं. मी म्हटलं, "नाना, राहू द्या. तिला कुठे लाज वाटतेय? ती खूश आहे. कशाला तिच्या म्हातारपणी..." ते आठ दिवस बेट्टीकडे गेले नाहीत. तिने दोनदा फोन करून विचारलं, मित्र बरा आहे ना. नवव्या दिवशी सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते खाली आले. "चल माझ्याबरोबर," म्हणाले. "कागद दाबून ठेवणं मला जमणार नाही. पण या वेळी मी एस. टी. पकडणार नाही."

व्हरांड्यात त्यांनी कागद बेट्टीच्या मांडीवर ठेवले आणि आपल्या ऑफिसातल्या इंग्रजीत, सावकाश, पहिल्या हजेरीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळं सांगितलं. तो पळाला नव्हता. तो घरापासून फार लांबही नव्हता. वीस वर्षांचा होता. बेट्टी चष्मा काढून समोरच्या आमच्या घरांच्या रांगेकडे बघत राहिली. तिने नानांचे आभार मानले नाहीत. मग म्हणाली, "म्हणजे कॅलिफोर्निया नाही." "नाही, मॅडम." नाना उठले नाहीत. मी घड्याळ बघत होते, मला पळून जावंसं वाटत होतं. ते तसेच गुडघ्यांवर हात ठेवून बसून राहिले. मग तिने विचारलं, "त्याच्याजवळ कोणी होतं का?"

त्या ओळीत काय होतं ते मला पाठ होतं. झेरॉक्स मीच काढली होती. नाव, वय, गाव, धंदा, कुठे सापडला, रोग, मृत्यू. माझ्या सासऱ्यांनी छत्तीस वर्षांत कागदात नसलेलं एक अक्षर बोललेलं नव्हतं, आणि मी मनातल्या मनात 'माहिती उपलब्ध नाही' या शब्दांची वाट बघत होते.

"होतं, मॅडम," नाना म्हणाले. "एक माणूस जवळ होता. शेवटी त्याच्या तोंडात पाणी घातलं."

बेट्टीने डोळे मिटले. तिला आपल्याकडची रीत काय माहीत? मरणाऱ्याच्या तोंडात आपल्या माणसाने शेवटचं पाणी घालावं, ते चुकलं तर जन्माची रुखरुख राहते, हे तिला कोणी सांगितलं असणार? नानांना मात्र त्याहून मोठं काही देण्यासारखं सुचलं नसावं. आम्ही दुपारपर्यंत तिथेच बसलो. परत येताना मी म्हटलं, "नाना, ते कागदावर नव्हतं." "नव्हतं," म्हणाले. थोडं पुढे गेल्यावर म्हणाले, "त्या हवालदाराला पण सांगायला हवं होतं." मग घरी येऊन त्यांनी दुधाच्या नव्या कॅनवर तारीख घातली.

पुढे ते आणखी तीनदा आले. माझी नोकरी लागली, ईशा कॉलेजला गेली, मागच्या मोकळ्या जागेवर खिडक्या नसलेल्या, संगणक ठेवायच्या मोठ्या इमारती उभ्या राहिल्या. नाना आणि बेट्टी सकाळी व्हरांड्यात बसत. ती त्यांना सफरचंदाचा गोड पाय भाजून देई, ते तिला चहा कसा उकळायचा ते शिकवत, आणि दोघांनाही दुसऱ्याचं आवडत नसे. तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी प्रवास बंद केला. आम्ही म्हटलं, इकडेच कायमचे या. "माझे कागद साताऱ्याचे आहेत," म्हणाले. आम्हीही फार ताणलं नाही. खरं सांगायचं तर बरंच वाटलं. आता ते आठवलं की वाटतं, ताणायला हवं होतं.

मिलिंद परतल्याला आठवडा झाला. मग एका सकाळी चहा पिताना त्याने सांगितलं. नाना आदल्या दिवशीच पडले होते. शिंदेकाकू दोन दिवस मुलीकडे होत्या. परत आल्यावर दुधाच्या पिशव्या दारात तशाच दिसल्या, म्हणून त्यांनी माणसं बोलावून दार तोडलं. ते स्वयंपाकघरात, माठापासून हातभर अंतरावर होते. "हातभर," मिलिंद म्हणाला आणि त्याने कप खाली ठेवला. परदेशात राहणाऱ्या आम्हा सगळ्यांना या फोनची भीती असते. आपण म्हणतो, वेळेवर पोचू. वेळ म्हणजे काय असते ते मला त्या सकाळी कळलं.

बेट्टीला हे कसं सांगायचं ते मला सुचत नव्हतं. ती आता नव्वदीच्या पुढे आहे, वॉकर घेऊन चालते. गेल्या शनिवारी तीच आली. तिच्या वॉकरला लावलेल्या पिशवीत एक जाड, कातडी बांधणीचं बायबल होतं. मी ते पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्याकडे घराण्याचे जन्म-मृत्यू त्यात लिहायची पद्धत आहे. तिने स्वयंपाकघराच्या टेबलावर ते उघडलं आणि मला एझ्राची ओळ दाखवली. कोणीतरी फार पूर्वी पिवळट शाईत लिहिलं होतं, 'गेला'. त्याच्यापुढे बॉलपेनने, बेट्टीच्या थरथरत्या अक्षरात होतं, 'दवाखान्यात वारला. पाणी दिलं होतं.'

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "बेट्टी, मला तुम्हाला एक सांगायचंय. त्या कागदांत पाण्याचं..."

"मला वाचता येतं, हनी," ती म्हणाली. "कागद त्याच संध्याकाळी वाचले. दोनदा. त्यात पाणी नव्हतं."

"मग हे लिहिलंत कसं?"

"एका क्लार्कने माझ्या व्हरांड्यात बसून सांगितलं म्हणून."

तिने पान उलटलं. घराण्याच्या शेवटच्या पानावर तिच्या भावाचं नाव होतं आणि खाली सगळं कोरं. तिने पिशवीतून पेन काढलं, टोपण दातांनी उघडलं आणि नानांचं पूर्ण नाव विचारलं. मी सांगितलं, ते तिने एकेक अक्षर जपून लिहिलं. गाव विचारलं. सातारा. मग पेन तसंच कागदावर टेकवून तिने माझ्याकडे पाहिलं. नानांनीच कधीतरी दिलेला शिंदेकाकूंचा नंबर तिच्याकडेही होता, हे मला तेव्हा आठवलं. तिला सगळं ठाऊक असणार.

"त्याच्याजवळ कोणी होतं का?" तिने विचारलं.

मिलिंद जिन्यात उभा होता. तो खाली आला नाही, वरही गेला नाही.

"होतं," मी म्हटलं. "शेवटी तोंडात पाणी घातलं."

बेट्टीने मान डोलावली आणि तसं लिहिलं.